सपाट म्हणजे काय? : जुने हेडफोन, इक्वलायझर आणि ऐकण्याचा मापदंड

'इक्वलायझर' हा शब्द मराठी मध्यमवर्गीय घरांत पोहोचला तो साधारण १९८०च्या दशकात, टू-इन-वन टेपरेकॉर्डरबरोबर. यंत्राच्या दर्शनी भागावर पाच उभ्या खाचा, त्यांत वरखाली सरकणारे पाच खटके आणि त्यांच्याखाली शंभरापासून दहा हजारांपर्यंतचे आकडे. हे आकडे कशाचे, हे दुकानदारही क्वचितच सांगू शके. तरीही ज्या त्या घरात ते खटके एकाच तऱ्हेने लावलेले दिसत : दोन्ही टोकांचे वर, मधला खाली, पाळण्याच्या झोळीला पडतो तसा बाक. शब्दाचा अर्थ 'समान करणारा' आणि वापर मात्र असा वाकडा. गाणे 'भरलेले' वाटत होते, तेवढे पुरेसे होते.

मला ही विसंगती पुढे बरीच वर्षे छळत राहिली. समान करायचे, पण कशाशी? जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकणे हाच ज्याचा उद्योग आहे त्याला हा प्रश्न टाळता येत नाही. आज तर तो अनेकांच्या दारात आला आहे. कपाटात पडलेला वीस-तीस वर्षांपूर्वीचा चांगला हेडफोन बाहेर काढावा, संगणकावर किंवा फोनवर एखादा फुकट मिळणारा इक्वलायझर घ्यावा आणि चार आकडे बदलताच तो हेडफोन नव्याने बोलू लागावा, हे आता सहज शक्य आहे. पण ते चार आकडे कुठून आणायचे? आपल्या आवडीतून, आलेखातून, की आणखी कशातून? या प्रश्नाला गेल्या सव्वाशे वर्षांत वेगवेगळी उत्तरे मिळाली. ती ज्या क्रमाने मिळाली त्या क्रमाने पाहिली, तर हातातल्या जुन्या हेडफोनचे काय करावे हेही बरेचसे कळते.

तार

सुरुवात संगीतापासून झालीच नाही. ती टेलिफोनच्या तारेपासून झाली. तारेतून आवाज दूर जाताना सगळ्या वारंवारता सारख्या क्षीण होत नाहीत. वरच्या आधी विझतात, खालच्या मागून. अंतर वाढले की बोलणाऱ्याचा 'स' आणि 'फ' यांतला फरक पुसला जातो, उरते ती घुमटातून आल्यासारखी गुणगुण. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज संशोधकाने १८८७ मध्ये यावर गणिती उत्तर मांडले. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला, पुढचे सगळे स्वतःच्या बळावर शिकलेला हा माणूस. तारेचे प्रवर्तकत्व, म्हणजे तिच्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचा परिणाम, वाढवला तर सगळ्या वारंवारता एकसारख्या क्षीण होतील आणि आवाजाचा आकार टिकेल, असे त्याचे म्हणणे. ब्रिटिश टपाल खात्यातल्या वरिष्ठांनी ते मनावर घेतले नाही. बारा-तेरा वर्षांनी अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि मायकेल प्युपिन यांनी तारेवर ठरावीक अंतराने वेटोळी बसवून ते प्रत्यक्षात आणले. पेटंट प्युपिनला मिळाले.

१९२०च्या दशकात रेडिओ केंद्रे एकमेकांशी टेलिफोनच्या तारांनी जोडली जाऊ लागली आणि त्या तारांतून गाणेबजावणे धावू लागले. बोलण्यापुरती केलेली दुरुस्ती आता अपुरी पडली. मग तारेच्या टोकाला अशी विद्युतजाळी बसवली गेली की तारेने जे जितके खाल्ले, ते तितकेच वर उचलले जावे. याच जाळ्यांना इक्वलायझर म्हणत. ओटो झोबेल या अभियंत्याने १९२८ मध्ये त्यांचे पद्धतशीर गणित प्रसिद्ध केले.

या पहिल्या टप्प्यावर 'समान' या शब्दाचा अर्थ स्वच्छ होता. तारेच्या एका टोकाला जे घातले तेच दुसऱ्या टोकाला निघाले पाहिजे. दोन्ही टोके मोजता येत होती. आवडीनिवडीला तिथे जागा नव्हती.

तबकडी

दुसरा टप्पा ध्वनिमुद्रिकेचा. फ्रेड गैसबर्गने १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात पहिली ध्वनिमुद्रणे केली तेव्हा गायक कर्ण्यात तोंड घालून गात होता आणि त्याच्या श्वासाच्या जोरावर सुई मेणात खाच कोरत होती. वीज कुठेच नव्हती. १९२५ नंतर मायक्रोफोन आणि विजेवर चालणारी कोरणी आली, आणि तिच्याबरोबर एक अडचणही. खर्जाचे स्वर आहेत तसे कोरले तर खाच इतकी रुंद हेलकावते की शेजारच्या खाचेची भिंत फुटते. वरचे स्वर आहेत तसे कोरले तर ते तबकडीच्या खरखरीत बुडून जातात. म्हणून कोरतानाच खर्ज मुद्दाम दाबायचा, पुढे पुढे वरचे स्वर मुद्दाम उचलायचे आणि वाजवताना बरोबर उलटे करायचे, अशी पद्धत पडली. किती दाबायचे आणि किती उचलायचे हे मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिका-उत्पादकांच्या संघटनेने १९५४ मध्ये एकच आलेख ठरवला, आणि तो हळूहळू जगभर रुळला. आज ज्याला 'रिया' आलेख म्हणतात तो हाच. त्यात २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल उचल आणि २० हजार हर्ट्झला साधारण तितकीच घट वाजवताना केली जाते.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. मराठी नाट्यपदांच्या, भावगीतांच्या ७८ फेऱ्यांच्या असंख्य तबकड्या १९५४ च्या आधीच्या आहेत. ग्रामोफोन कंपनीच्या विद्युत-मुद्रणातल्या पद्धतीत खर्ज साधारण २५० ते ३०० हर्ट्झच्या खाली दाबलेला असे, पण वरचे स्वर उचललेले नसत. अशी तबकडी आजच्या यंत्रावर 'रिया' आलेखाने वाजवली की न उचललेले स्वर उगाचच खाली ढकलले जातात. १० हजार हर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबलनी. गायक घोंगडीखाली बसून गातो आहे असे वाटते. ऐकणारा म्हणतो, 'जुनी रेकॉर्ड आहे, अशीच असणार.' दोष त्या काळाच्या माथी मारला जातो. खरे तर तो आजच्या यंत्रातला असतो.

या दुसऱ्या टप्प्यावरही 'समान'चा अर्थ पक्काच आहे. कोरताना जे केले त्याच्या उलटे करायचे. कंपनीचा आलेख माहीत असला की काम झाले.

कान

हेडफोनने मात्र हा स्वच्छ हिशेब बिघडवला.

आरंभीच्या हेडफोनला सपाट असण्याची गरजच नव्हती. अमेरिकेतल्या यूटा प्रांतात नॅथॅनियल बाल्डविन आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन जुळवत असे. १९१० च्या सुमारास अमेरिकी आरमाराने ते विकत घ्यायला सुरुवात केली. आरमाराला हवी होती ती संवेदनशीलता. बिनतारी संदेशाची अत्यंत क्षीण टिकटिक कानाला पोहोचली की झाले. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले तेव्हा बिनबॅटरीच्या स्फटिक-संचावर ऐकणाऱ्याला हेडफोनशिवाय गत्यंतर नव्हते, कारण त्या संचात आवाज वाढवण्याची सोयच नसते. ती लोखंडी चकती काही ठरावीक वारंवारतांना जोराने थरथरे आणि बाकीच्यांना जेमतेम दाद देई. तरी माणसे गाणी ऐकत होती.

१९३७ मध्ये बर्लिनच्या बायर कंपनीने डीटी-४८ हा फिरत्या वेटोळ्याचा हेडफोन बाजारात आणला. तो सत्तर वर्षांहून अधिक काळ विकला जात राहिला. १९५८ मध्ये मिल्वॉकीच्या जॉन कॉसने स्टिरिओ ऐकण्यासाठी एसपी-३ केला. १९६८ मध्ये जर्मनीच्या झेनहायझरने उघड्या पाठीचा, पिवळ्या स्पंजचा एचडी-४१४ काढला आणि त्याचे एक कोटीहून अधिक नग खपले. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन आला, त्याच्याबरोबर सुमारे ५० ग्रॅमचा हेडफोन आला, आणि हेडफोनवर गाणे ऐकणे ही हौशी लोकांची चैन न राहता रस्त्यावरची रोजची गोष्ट झाली. या सगळ्यांनी 'आमचा आवाज अस्सल' असे म्हटले. पण हेडफोनचा आवाज अस्सल म्हणजे कशासारखा?

स्पीकरच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. स्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवा. सगळ्या वारंवारता सारख्या जोराने आल्या की आलेख सपाट. हेडफोनला हे लागू पडत नाही, कारण समोरून येणारा आवाज पडद्यापर्यंत पोहोचण्याआधी आपले डोके, कानाची पाळी आणि कर्णनलिका त्याला घडवतात. जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची ती नलिका एका टोकाला बंद असलेल्या बासरीसारखी सुमारे ३ हजार हर्ट्झच्या आसपास घुमते. कॅनडातल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत काम करणाऱ्या एडगर शॉ यांनी १९६० आणि १९७०च्या दशकांत याची काटेकोर मापे प्रसिद्ध केली. मोकळ्या हवेत सपाट असलेला आवाज कानाच्या पडद्याशी येतो तेव्हा त्या भागात १५ डेसिबल किंवा त्याहून उंच डोंगर झालेला असतो.

जन्मल्यापासून आपण प्रत्येक आवाज या डोंगरासकट ऐकत आलो. मेंदूने त्या डोंगरालाच सपाट जमीन मानले आहे. हेडफोन कानावर बसताच डोके आणि पाळी यांनी केलेले काम वगळले जाते किंवा बदलते. म्हणून तो डोंगर हेडफोनने स्वतः उभा करावा लागतो. कानाच्या पडद्याशी मोजला असता अगदी सपाट असलेला हेडफोन ऐकायला मंद, दूरचा आणि निर्जीव वाटतो.

आता डोंगर किती उंच आणि नेमका कसा, हे ठरवायचे तर आवाज कुठून येतो असे मानायचे? पूर्वीच्या जर्मन मानकांत उत्तर होते, समोरून. प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत समोर स्पीकर ठेवायचा आणि हेडफोन त्याच्याशी जुळवायचा. म्युनिकच्या प्रसारण-तंत्र संस्थेतल्या गुंथर थायले यांनी १९८६ च्या निबंधात हे नाकारले. हेडफोनचा आवाज समोरून आल्यासारखा वाटतच नाही. तेव्हा चहूबाजूंनी सारखा येणारा आवाज हा मापदंड धरावा, असे त्यांनी मांडले. स्टुडिओतल्या हेडफोनांची एक अख्खी पिढी या 'चहूबाजूंच्या' मापदंडावर घडली. पुढे २०१२ पासून हार्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी वेगळा रस्ता धरला. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर लावले असता कानाशी जे पोहोचते त्यापासून सुरुवात करायची आणि पुढचे माणसांना ऐकवून, त्यांना विचारून ठरवायचे. यातून निघालेल्या आलेखात खर्ज आधीच्या पिढीपेक्षा बराच वर आहे. त्यांच्या चाचण्यांत सुमारे ६४ टक्के ऐकणाऱ्यांना तो पसंत पडला. १५ टक्क्यांना खर्ज आणखी हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी.

म्हणजे १९७५ चा, १९८८ चा आणि २०१८ चा हेडफोन शेजारी ठेवले तर तीन वेगळे आवाज येतात, आणि तिन्ही आपापल्या काळाच्या व्याख्येप्रमाणे 'बरोबर' असू शकतात. जुना हेडफोन कानाला बारीक किंवा कर्कश लागला की आपण त्याला बिघडलेला समजतो. अनेकदा तो फक्त जुन्या भाषेत बोलत असतो. इक्वलायझरने आपण त्याचे बोलणे आजच्या भाषेत आणतो.

झोळीचा बाक

इथे त्या पाच खटक्यांकडे परत पाहायला हवे. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये कानाच्या संवेदनशीलतेचे आलेख प्रसिद्ध केले. प्रयोगात ऐकणाऱ्यांना आवाज ऐकवला होता तो हेडफोनसारख्या ग्राहकांतूनच. निष्कर्ष असा की आवाज हळू असला की कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. आवाज वाढवत नेला की ही तफावत कमी होते. भिंतीपलीकडे कोणी झोपले आहे म्हणून टेपरेकॉर्डर हळू लावणाऱ्या घरात खर्जाचा खटका वर जाणे हे अडाणीपणाचे लक्षण नव्हते. वरच्या टोकाला यंत्राचा छोटा स्पीकर आणि कॅसेटची फीत दोन्ही कमी पडत, म्हणून तिकडचा खटकाही वर. कोणी न शिकवता कानांनी शास्त्र गाठले होते. चूक एवढीच होई की आवाज मोठा केल्यावरही खटके तिथेच राहत.

हत्यारेही या काळात बदलत गेली. पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात खर्ज आणि तीव्र स्वरांसाठी दोन बटणांची सोपी रचना दिली, आणि घरातल्या रेडिओग्रामपासून गणपतीच्या मंडपातल्या अॅम्प्लिफायरपर्यंत ती किंवा तिची भावंडे पोहोचली. मग खटक्यांचा इक्वलायझर आला. १९७२ मध्ये जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या लॉस एंजेलिस अधिवेशनात 'पॅरामेट्रिक' इक्वलायझर मांडला. दोहोंतला फरक आपल्याला हार्मोनियम आणि सारंगी यांच्यावरून चटकन कळेल. खटक्यांचा इक्वलायझर हार्मोनियमसारखा; पट्ट्या जिथे आहेत तिथेच बोट पडणार. पॅरामेट्रिक सारंगीसारखा, नेमक्या कुठल्या वारंवारतेवर बोट ठेवायचे, किती दाबायचे किंवा उचलायचे आणि किती रुंद भागावर परिणाम व्हावा, या तिन्ही गोष्टी आपल्या हातात. जुन्या हेडफोनची दुरुस्ती करायची तर ही सारंगीच हवी, कारण त्याचा दोष १ हजार किंवा २ हजार अशा गोल आकड्यावर असतोच असे नाही.

जुनी जोडी हातात घेतल्यावर

इक्वलायझरला हात लावण्याआधी हेडफोनच्या कुशनकडे पाहावे. दहा-पंधरा वर्षांत आतला फोम बसतो, वरचे रेक्झिन पापुद्रे टाकू लागते, कानाभोवती फट पडते आणि खर्ज त्या फटीतून निघून जातो. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये हा तोटा मोठा असतो. नवे कुशन बसवल्यावर अर्धे काम तिथेच होते. फटीतून जाणारा खर्ज इक्वलायझरने भरून काढू पाहणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतत बसणे.

दुसरी गोष्ट ताकदीची. एचडी-४१४ सारख्या जुन्या हेडफोनचा रोध २ हजार ओहम आहे. आजच्या फोनला त्याच्यासाठी पुरेसा दाब देता येत नाही. आवाज पिचका येतो, आणि तो पिचकेपणा कुठल्याही आलेखाने जात नाही. तिथे वेगळा अॅम्प्लिफायर लागतो.

या दोन गोष्टी झाल्या की हेडफोन हे इक्वलायझरसाठी फार सोयीचे यंत्र ठरते. स्पीकरच्या आवाजात खोलीच्या भिंती मिसळतात; एका खुर्चीत केलेली दुरुस्ती शेजारच्या खुर्चीत चुकीची ठरते. हेडफोनमध्ये खोलीच नाही. त्याच्या पडद्याची बहुतेक वागणूक अशी असते की उंची दुरुस्त केली की तिच्याबरोबर आलेली घुमही आटोक्यात येते. मोजक्या चार-पाच दुरुस्त्यांत खूप फरक पडतो तो यामुळे.

१९८०च्या दशकातल्या, चहूबाजूंच्या मापदंडावर घडलेल्या माझ्याकडच्या एका जोडीवर मी काय केले ते सांगतो. १०० हर्ट्झच्या खाली सलग चार डेसिबल उचल. तीन हजारांच्या आसपास रुंद भागात दोन डेसिबल घट. आठ हजारांच्या जरा खाली, जिथे 'स' टोचत होता, तिथे अरुंद भागात साडेतीन डेसिबल घट. आणि सगळ्यात महत्त्वाचे, एकूण आवाज चार डेसिबलनी खाली. डिजिटल ध्वनीला वर छत असते. खर्ज चार डेसिबल उचलला आणि एकूण आवाज तेवढा खाली आणला नाही, तर जोरकस जागी लाट छताला आपटून सपाट कापली जाते, आणि सुधारणेच्या नावाखाली नवीन खरखर जन्माला येते.

टोचणारी जागा शोधायची रीतही सोपी आहे. एक अरुंद उचल घ्यायची आणि आवाज हळू ठेवून ती हळूहळू खालून वर सरकवत न्यायची. जिथे टोचणे असह्य होते तिथे थांबायचे आणि उचलीच्या जागी तेवढीच अरुंद घट करायची. खड्डे भरण्यापेक्षा उंचवटे कापणे केव्हाही बरे. अरुंद खड्डा कानाला फारसा कळत नाही, उंचवटा मात्र लगेच खुपतो. आठ-दहा हजारांच्या वर नाजूक दुरुस्त्या करू नयेत. तिथे प्रत्येकाच्या कानाचा घाट वेगळा, हेडफोन थोडा सरकला तरी आलेख बदलतो, आणि दुसऱ्याच्या मापावरून काढलेले आकडे आपल्या कानाला लागू पडत नाहीत.

उचलीलाही मर्यादा आहे. दहा डेसिबल उचल म्हणजे दहापट शक्ती. जुना पडदा ती पेलत नाही. खर्जाऐवजी खर्जाचे सोंग ऐकू येते. आणि तुलना करताना दोन्ही आवाज सारख्या जोराचे करून घ्यावेत. अगदी एका डेसिबलने मोठा असलेला आवाजही आपल्याला 'जास्त चांगला' वाटतो, आणि मग आपण दुरुस्तीला दाद देतो की नुसत्या मोठेपणाला, हे कळेनासे होते.

एवढ्यावर कोणी विचारेल, यापेक्षा नवा महाग हेडफोनच का घेऊ नये? येरून ब्रीबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मापे तपासली. आलेखाचा चांगलेपणा आणि किंमत यांचा त्यांना संबंध आढळला नाही. टिकाऊपणा, आराम, खोटे सूर न मिसळणे यांसाठी पैसे जरूर मोजावेत. स्वरांचा तोल मात्र आता जवळजवळ फुकट मिळतो.

तानपुरा आणि प्रत

तपासायला काय वाजवावे? मी तानपुरा वाजवतो. काळी एकच्या पट्टीत पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला असते, जोड १३८ च्या जवळ, आणि त्यांच्यावर स्वरांश चढत कित्येक हजार हर्ट्झपर्यंत जातात. हेडफोनमध्ये कुठे खळगा असला तर ती स्वरांशांची माळ तिथे तुटते. शिवाय तानपुरा स्वतःच विजेआधीचा इक्वलायझर आहे. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवून कारागीर किंवा गायक जवारी लावतो, म्हणजे कुठले स्वरांश वर येतील आणि कुठले मागे राहतील ते ठरवतो. दोरा केसभर सरकला की वाद्य बोलते किंवा मुके होते. त्याच्याकडे आलेख नसतो. कान आणि समोरची बैठक असते.

इथे वयाचा प्रश्न येतो. माझी पन्नाशी उलटली आहे. या वयात बहुतेकांना १२-१४ हजार हर्ट्झच्या वरचे फारसे ऐकू येत नाही. मग वरचे स्वर इक्वलायझरने वाढवून तरुणपण परत आणावे का? मी तसे करत नाही, आणि त्याचे कारण तानपुराच देतो. समोर बसून वाजवलेला तानपुराही मी याच कानांनी ऐकतो. माझ्या मनातला 'खरा' तानपुरा या कानांतून गाळूनच आलेला आहे. हेडफोनने त्या समोरच्या तानपुऱ्यासारखे वाजावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. ज्याला बोललेलेच ऐकू येत नाही त्याची गरज वेगळी. त्याने कानाच्या डॉक्टरकडे जावे.

स्वतःसाठी ऐकताना कोणी झोळीचा बाक ठेवो की आणखी काही. त्यात कुणाचे नुकसान नाही. नुकसान होते ते प्रत करताना. जुन्या तबकड्या आणि फिती आता संगणकावर उतरवल्या जात आहेत, बरेचदा हौशी माणसांकडून, हेडफोन लावून. समजा, उतरवणाऱ्याचा हेडफोन खर्ज फुगवणारा आहे. त्याला गाणे गुबगुबीत वाटते, तो प्रतीतला खर्ज कापतो, प्रत जतन करतो आणि मूळ तबकडी कालांतराने फुटते. उरलेल्या प्रतीत त्याच्या हेडफोनचा उलटा ठसा कायमचा उमटलेला असतो. एका संग्रहातून मला आलेल्या नाट्यपदांच्या प्रती अशाच होत्या. चार हजारांच्या वर जवळजवळ काहीच नाही. खरखर काढताना व्यंजनेही गेलेली. कोणत्या आलेखाने वाजवले, काय कापले, याची एक ओळही कुठे नव्हती. त्या गायिकेचा 'श' कसा होता हे त्या प्रतींवरून आता कुणालाही कळणार नाही.

ध्वनी-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची यावरची शिस्त साधी आहे. जतन करायच्या प्रतीत आपल्या आवडीचे फेरफार करू नयेत, आणि जे केले ते लिहून ठेवावे. घरगुती संग्राहकालाही ती पाळता येते. तबकडी जशी वाजते तशी एक प्रत, बिनइक्वलायझरची, तशीच ठेवायची. दुसरी ऐकण्याची प्रत, हवी तशी सुधारलेली. आणि एका कागदावर चार गोष्टी : तबकडीचा क्रमांक आणि वेग, वाजवताना वापरलेला आलेख, नंतर केलेल्या दुरुस्त्यांचे आकडे, आणि ऐकताना कानावर कोणता हेडफोन होता ते. शेवटची नोंद अनेकांना चमत्कारिक वाटते. मी ती प्रत्येक प्रतीसोबत ठेवतो. पन्नास वर्षांनी ही प्रत जो उघडेल त्याच्या काळात 'सपाट' म्हणजे आणखी काही वेगळे असेल, आणि माझ्या कानावर काय होते हे कळल्याशिवाय त्याला माझे आकडे उलगडता येणार नाहीत.